डोंगरावरच्या मुक्कामाचा जमाखर्च

स्वित्झर्लंडमधल्या झरमॅट गावातून गोर्नरग्राटला जाणारी दातेरी रुळांची आगगाडी रोटेनबोडेन नावाच्या छोट्या स्थानकावर थांबते. झाडांची हद्द तोवर मागे पडलेली असते. तिथून मोंटे रोझाच्या दिशेने निघालं की मोटाररस्ता नाही, विजेची तार नाही, नळाचं पाणी नाही. पायवाट खडकांवरून आणि हिमनद्यांच्या मुलखातून काही तास नेते आणि समुद्रसपाटीपासून २८८३ मीटर उंचीवर ॲल्युमिनियमचं कवच असलेली पाच मजली, पैलूदार इमारत समोर येते. हीच मोंटे रोझा हट. १२० गिर्यारोहकांची इथे झोपायची आणि जेवायची सोय आहे. ईटीएच झुरिच हे तंत्रविद्यापीठ आणि स्विस अल्पाइन क्लब यांनी मिळून ती उभारली आणि सप्टेंबर २००९ मध्ये तिचं उद्घाटन झालं.

तीन हजार मीटरच्या आसपास १२० माणसांना उबेत झोपवायचं, गरम जेवू घालायचं, त्यांच्या संडासाची व्यवस्था लावायची, आणि हे सगळं डोंगराचं नुकसान न करता करायचं, असं हे काम. शहरात दिवा लावताना वीज कुठून आली याची चौकशी कोणी करत नाही. साखळी ओढल्यावर मैला कुठे गेला, हेही विचारत नाही. डोंगरावर या दोन्ही प्रश्नांची उत्तरं इमारतीच्या आतच द्यावी लागतात. म्हणून अशा निवाऱ्याचा आराखडा म्हणजे आधी जमाखर्चाची वही असते. उष्णता, वजन, पाणी, मैला आणि माणसं अशी तिची पाच पानं. एका पानावर बचत झाली तरी दुसऱ्यावर तूट आली, तर निवारा टिकाऊ म्हणता येत नाही.

ऊब तयार करण्याआधी ती राखायची

पहिलं पान उष्णतेचं. थंड मुलखात घर म्हटलं की शेकोटी आठवते. पण तीन हजार मीटरवर लाकूड मिळत नाही, आणि खालून आणलेल्या इंधनाची किंमत वाहतुकीमुळे कितीतरी पटींनी वाढते. त्यामुळे ऊब कशी निर्माण करायची हा प्रश्न दुसरा. आहे ती कशी धरून ठेवायची हा पहिला.

याचं निम्मं उत्तर आकारात असतं. दहा मीटर लांब, रुंद आणि उंच अशी घनाकृती खोली घ्या. तिच्या आत १००० घनमीटर जागा असते आणि बाहेरच्या थंडीला भिडणारं पृष्ठफळ ६०० चौरस मीटर. तीच जागा पाच मीटरच्या आठ सुट्या खोल्यांत विभागली, तर पृष्ठफळ १२०० चौरस मीटर होतं. जागा तेवढीच, पण ऊब निसटायच्या वाटा दुप्पट. आल्प्समधल्या नव्या हट चेंडूसारख्या, अंड्यासारख्या किंवा जाड स्फटिकासारख्या दिसतात, त्यामागे हेच गणित आहे. कमीत कमी कवचात जास्तीत जास्त माणसं बसवायची.

उरलेलं उत्तर कवचाच्या जाडीत. बाहेर पातळ धातू, आत लाकडाचा सांगाडा आणि मध्ये उष्णतारोधक पदार्थाचा जाड थर. धातूचा पत्रा ऊब राखत नाही. पाऊस, बर्फाचे कण आणि प्रखर अतिनील किरणं यांपासून आतल्या थरांना वाचवणं एवढंच त्याचं काम. मोंटे रोझाचे वास्तुरचनाकार आंद्रेआ देप्लाझेस यांनी जेवणघरालगत वर चढत जाणारा जिना बाहेरच्या भिंतीला लागून फिरवला आणि त्याच्यासोबत काचेचा पट्टा गुंडाळला. सूर्य जसा फिरतो तसं ऊन या पट्ट्यातून आत येतं, जिन्यातली हवा तापते आणि वर चढते, मग वायुवीजनाच्या नळ्या ती इतर खोल्यांत पोचवतात.

ऊब देणारं आणखी एक साधन पायी चालत येतं, ते म्हणजे माणूस. शांत बसलेलं शरीर साधारण १०० वॅट उष्णता बाहेर टाकतं, झोपलेलं थोडी कमी. हट भरलेली असली की पाहुण्यांच्या अंगाचीच आठ-दहा किलोवॅट ऊब आत असते. चांगल्या बांधणीच्या इमारतीत ही मोठी जमा आहे.

पण या जमेला चिकटून एक खर्चही येतो. झोपलेला माणूस श्वास आणि घामावाटे रात्रभरात पाव ते अर्धा लिटर पाणी हवेत सोडतो. शंभर माणसांचे होतात पंचवीस ते पन्नास लिटर. त्यात ओल्या जॅकेटची, मोज्यांची आणि बुटांची वाफ मिसळते. ही दमट हवा थंड भिंतीच्या सांध्यात शिरली की तिथे पाणी धरतं, ते गोठतं, लाकूड कुजतं आणि ओला झालेला उष्णतारोधक थर निकामी होतो. खिडकी उघडावी तर ऊब जाते, बंद ठेवावी तर माणसं गुदमरतात आणि भिंत भिजते. यावर तोडगा म्हणजे उष्णता परत मिळवणारं वायुवीजन. बाहेर जाणारी कोंदट हवा आणि आत येणारी ताजी हवा पातळ पत्र्यांच्या दोन बाजूंनी वाहवतात. हवा एकमेकींत मिसळत नाही, पण जाणारी हवा आपली बरीचशी ऊब येणारीला देऊन जाते. बूट आणि ओले कपडे वाळवायची खोली प्रवेशाजवळच वेगळी ठेवतात, म्हणजे ओल झोपायच्या खोल्यांपर्यंत पोचत नाही.

वाऱ्याशी भांडण नको

फ्रान्सच्या हद्दीत माँ ब्लाँ शिखराच्या नेहमीच्या वाटेवर ३८३५ मीटरवर गूते हट आहे. नवी इमारत २०१३ च्या उन्हाळ्यात गिर्यारोहकांसाठी खुली झाली. चार मजले, लाकडी सांगाडा, वर स्टेनलेस स्टीलचं कवच आणि अंड्याचा आकार. या धारेवर वादळी वारा ताशी २०० किलोमीटरचा वेग ओलांडतो. अशा ठिकाणी सपाट भिंत वाऱ्याला अडवते आणि तेवढा जोर पायावर घेते. गोलाकार भिंतीवरून वारा घसरून जातो.

वारा नुसता ढकलत नाही, तो बर्फही वाहून आणतो. इमारतीच्या आडोशाच्या बाजूला त्याचा वेग कमी होतो आणि तिथे बर्फाचा ढीग साचतो. ढीग दाराशी पडला तर रोज सकाळी फावडं घेऊन बसावं लागतं, खिडकीवर पडला तर उजेड जातो. गूतेच्या रचनाकारांनी या उपद्रवाचाच उपयोग करून घेतला. बर्फ वितळवायची यंत्रणा आहे तिथेच वाऱ्याने बर्फ आणून टाकावा, अशा बेताने त्यांनी इमारतीचा आकार ठरवला. पाण्यासाठी लागणारा बर्फ माणसांनी वाहायचा, तो वारा वाहतो.

कवचाच्या धातूला आणखी एक काम असतं. इटली आणि स्वित्झर्लंडच्या सीमेवर, मोंटे रोझाच्याच एका शिखरावर ४५५४ मीटर उंचीवर मार्गेरिता हट आहे. युरोपातली ही सर्वांत उंचावरची इमारत. पहिली वास्तू १८९३ ची, राणी मार्गेरिता स्वतः तिथे पोचली होती. आजची इमारत १९८० मधली. तिला तांब्याचं कवच आहे. शिखरावरच्या इमारतीवर वीज पडणारच, हे गृहीत धरावं लागतं. सलग धातूच्या पिंजऱ्यात वीज बाहेरच्या बाहेर वाहून जमिनीत जाते आणि आतली माणसं सुरक्षित राहतात.

प्रत्येक खिळा वर न्यावा लागतो

दुसरं पान वजनाचं. मार्गेरिता हटची पहिली इमारत दरीतल्या गावात जुळवून पाहिली, मग सुटी केली, तिचे लाकडी भाग खेचरांवर आणि शेवटच्या टप्प्यात माणसांच्या पाठीवर लादून शिखरावर नेले आणि तिथे पुन्हा जोडले. सव्वाशे वर्षांनंतरही पद्धत तीच आहे, खेचराच्या जागी हेलिकॉप्टर आलं एवढंच. मोंटे रोझा हटसाठी लाकडाचे ४२० सुटे भाग कारखान्यात तयार केले, रेल्वेने झरमॅटला आणले आणि तिथून हेलिकॉप्टरने वर चढवले. सगळं सामान पोचवायला हेलिकॉप्टरच्या जवळपास तीन हजार फेऱ्या लागल्या.

इथे रचनाकाराचे हात बांधलेले असतात. तीन हजार मीटरवर हवा विरळ होते. तिची घनता समुद्रसपाटीच्या सुमारे ७४ टक्केच उरते, आणि पंख्याला तेवढी कमी हवा मिळाल्यामुळे हेलिकॉप्टर कमी वजन उचलतं. म्हणून इमारतीचा सर्वांत मोठा तुकडा किती मोठा, हे हेलिकॉप्टरच्या दोराला लटकणारं ओझं ठरवतं. वर काँक्रीट ओतायचं तर सिमेंट, वाळू आणि पाणी सगळं उडवून आणावं लागतं, शिवाय थंडीत ते नीट पक्कं होत नाही. लाकूड हलकं, कारखान्यात अचूक कापता येणारं आणि वर काही दिवसांत जोडता येणारं. बांधकामाचा हंगाम जेमतेम तीन-चार महिन्यांचा असताना हा फायदा मोठा ठरतो.

पर्यावरणाचा हिशेबही इथेच अवघड होतो. हेलिकॉप्टरची प्रत्येक फेरी इंधन जाळते. इमारत जितकी जड, तितकं हे कर्ज मोठं, आणि ते फेडायला इमारत अनेक दशकं चालली पाहिजे. म्हणून दुरुस्ती सोपी असणं, एखादा भाग सुटा काढून बदलता येणं आणि शेवटी सगळी इमारत उतरवून नेता येणं, या गोष्टी सौरपट्ट्यांइतक्याच महत्त्वाच्या असतात. नवी हट उभी राहिल्यावर मोंटे रोझाची जुनी दगडी हट २०११ मध्ये स्फोटाने पाडण्यात आली. दगडी इमारत वर बांधणं जेवढं कष्टाचं, तेवढंच ती तिथून नाहीशी करणंही.

बर्फ समोर, पाणी नाही

तिसरं पान पाण्याचं. चौफेर बर्फ असलेल्या जागी पाण्याची टंचाई असते, हे पहिल्यांदा ऐकणाऱ्याला पटत नाही. पण बर्फाचं पाणी करणं हा डोंगरावरचा सर्वांत महागडा उद्योग आहे. शून्य अंशावरचा एक किलो बर्फ वितळवायला ३३४ किलोजूल उष्णता लागते. तेवढ्या उष्णतेत तेच एक किलो पाणी शून्यापासून ८० अंशांपर्यंत तापवता येईल.

आपल्या स्वयंपाकघरातल्या मापाने पाहू. १२० माणसं आणि प्रत्येकी दहा लिटर, म्हणजे दिवसाला १२०० लिटर. उणे दहा अंशांचा बर्फ वितळवून पाणी दहा अंशांपर्यंत आणायचं तर जवळपास ४८० मेगाजूल उष्णता लागते. शेगडीची निम्मी उष्णता वाया जाते असं धरलं, तर रोज सुमारे वीस किलो गॅस जळेल. घरगुती सिलिंडरमध्ये १४.२ किलो गॅस असतो. म्हणजे दिवसाला जवळपास दीड सिलिंडर, तोही फक्त पाण्यासाठी, चहाचं आधण ठेवण्याच्या आधीच.

म्हणून गूतेसारख्या ठिकाणी बर्फ उन्हाच्या उष्णतेवर वितळवतात. मोंटे रोझाला वेगळी सोय केली आहे. तिथे वितळलेलं पाणी उन्हाळ्यातले थोडेच महिने वाहतं. ते पकडून हटच्या वरच्या अंगाला खडकात खोदलेल्या साठवणीत भरतात. तिची क्षमता २०० घनमीटर, म्हणजे दोन लाख लिटर. टाकी वर असल्यामुळे पाणी उताराने खाली येतं, पंप लागत नाही. खडकाच्या पोटात असल्यामुळे ते सहज गोठत नाही.

सह्याद्रीत भटकणाऱ्याला हे वर्णन ओळखीचं वाटेल. राजगड, हरिश्चंद्रगड, शिवनेरी, कुठल्याही गडावर कातळात खोदलेली टाकी सापडतात. चार महिन्यांत कोसळणारं पाणी आठ महिन्यांसाठी धरायचं, उघड्यावरचं पाणी उन्हाने उडू नये म्हणून काही टाकी खांबांवर तोललेल्या छताखाली आत न्यायची, आणि खोदताना निघालेला दगड बांधकामाला वापरायचा. एकीकडे पाणी गोठू द्यायचं नाही, दुसरीकडे ते आटू द्यायचं नाही. पाणी हंगामी असेल तर निवाऱ्याचा पाया भरण्याआधी साठवण खोदायची, हा धडा दोन्हीकडे एकच.

ज्याबद्दल कोणी फोटो टाकत नाही

चौथं पान मैल्याचं. सपाटीवर मैला कुजवणारे जिवाणू उबेत काम करतात. तापमान दहा अंशांनी उतरलं की त्यांचा वेग साधारण निम्म्यावर येतो, आणि गोठणबिंदूच्या आसपास काम जवळजवळ थांबतं. उंचावर माती पातळ, खाली खडक. शोषखड्डा खणला तरी पाणी मुरत नाही, फटींतून वाहतं आणि खालच्या ओढ्यात उतरतं. त्याच ओढ्याचं पाणी खालची वस्ती पिते.

मोंटे रोझामध्ये सांडपाण्यावर इमारतीतच प्रक्रिया होते. उबदार टाकीत जिवाणू घाण खातात आणि अतिसूक्ष्म छिद्रांच्या पडद्यातून पाणी गाळलं जातं. गाळलेलं पाणी पुन्हा संडासात वापरतात. गूतेमध्ये विमानातल्यासारखे हवेच्या दाबावर मैला ओढून घेणारे संडास आहेत, त्यांना पाणी नाममात्र लागतं. लहान हटमध्ये त्याहून साधी युक्ती चालते. लघवी आणि विष्ठा सुरुवातीलाच वेगळी करायची. दोन्ही मिसळलं की वजन वाढतं, दुर्गंधी वाढते आणि कुजणं बिघडतं. वेगळी ठेवली की घन भाग सुकतो, हलका होतो आणि खाली नेता येतो.

लडाखी माणसाला यात नवं काही वाटणार नाही. तिथल्या जुन्या घरांत संडास वरच्या मजल्यावर असतो, खाली बंद खोली. वापरल्यावर कोरडी माती टाकायची, आणि महिन्यांनी खालच्या दाराने तयार खत काढून शेतात न्यायचं. पाणी लागत नाही, नळ गोठत नाही, यंत्र बिघडत नाही. पर्यटन वाढलं, फ्लश आले, आणि पाण्याचा तुटवडा असलेल्या लेह शहरात बोअरचा उपसा आणि सांडपाणी दोन्ही वाढले. प्रगत दिसणारी सोय जागेला न मानवणारी असली की असं होतं.

उद्याचं ऊन आज मोजायचं

विजेच्या बाबतीत उंची मदतीला येते. हवा विरळ आणि स्वच्छ असल्याने ऊन तीव्र, ताजा बर्फ आलेल्या उन्हापैकी ८० टक्क्यांहून जास्त परतवतो, आणि सौरपट्ट्या थंडीत अधिक चांगल्या चालतात. मोंटे रोझाच्या दक्षिणेकडच्या भिंतीतच सौरपट्ट्या बसवल्या आहेत. उतारावर साचणारा बर्फ भिंतीवर टिकत नाही, आणि कमी उंचीवरून येणारं हिवाळी ऊनही भिंतीला भिडतं.

तरी रात्र असते आणि आठवडाभराचं वादळही असतं. बॅटऱ्या जड आणि महाग, शिवाय थंडीत त्यांची क्षमता घटते. म्हणून ईटीएचच्या संशोधकांनी साठवण वाढवत नेण्याऐवजी वापराची वेळ हलवायचं ठरवलं. नियंत्रण यंत्रणेला हवामानाचा अंदाज आणि आरक्षणांची संख्या दोन्ही दिली. उद्या ऊन पडणार असेल आणि सांडपाण्याच्या टाकीत जागा असेल, तर प्रक्रिया उद्यावर ढकलायची. उद्या ढग आणि वर शंभर पाहुणे येणार असतील, तर आजच बॅटऱ्या भरून आणि पाणी तापवून ठेवायचं. टाकीतली मोकळी जागा आणि गरम पाणी यांचा असा बॅटरीसारखा उपयोग होतो. उद्दिष्ट होतं ९० टक्के ऊर्जा जागेवरच मिळवायचं. उरलेल्यासाठी छोटं इंजिन आहे, आणि त्याची वीज वापरताना त्यातून निघणारी उष्णताही वाया घालवत नाहीत.

सगळ्यात अवघड आकडा

इथपर्यंत सगळं भौतिकशास्त्र झालं. पाचवं पान माणसांचं, आणि तिथे गणित बिघडतं. मोंटे रोझा हटची कीर्ती जगभरच्या मासिकांत गेली, आणि इमारत पाहायलाच लोक येऊ लागले. पहिल्या काही हंगामांत मुक्कामी येणाऱ्यांची संख्या अंदाजापेक्षा कितीतरी जास्त झाली. पाणी जास्त लागलं, सांडपाणी वाढलं, इंजिन जास्त चालवावं लागलं. माणशी खर्च जुन्या हटपेक्षा कमी असूनही एकूण भार वाढू शकतो, हे दिसून आलं. कार्यक्षमता वाढली की वापरही वाढतो, ही अर्थशास्त्रातली जुनी अडचण डोंगरावर काही आठवड्यांत उघडी पडते.

म्हणून आल्प्समधल्या हटचे नियम हेही रचनेचाच भाग मानावे लागतात. बूट दाराशी काढायचे आणि हटच्या सपाता घालायच्या, त्यामुळे फरशी धुवायचं पाणी वाचतं. प्रत्येकाने आपली पातळ झोपपिशवी आणायची आणि तिच्यावर हटचं पांघरूण घ्यायचं, त्यामुळे रोज शंभर चादरी धुवाव्या लागत नाहीत. रात्रीचं जेवण ठरल्या वेळी, सगळ्यांना एकच. चूल एकदा पेटते, एकदा विझते. बऱ्याच ठिकाणी अंघोळीची सोयच नसते. दहाच्या सुमारास दिवे बंद. आपल्याकडच्या पर्यटकाला हा छळ वाटेल, पण यातला प्रत्येक नियम टाकीचे काही लिटर किंवा बॅटरीचे काही तास वाचवतो. गूतेला आरक्षणाशिवाय मुक्काम मिळत नाही, आणि २०१९ पासून माँ ब्लाँच्या त्या वाटेवर मुक्कामाचं आरक्षण असल्याचा पुरावाही मागितला जातो.

माणसांच्या एकूण उद्योगाचं आणखी एक बिल डोंगर पाठवतोच आहे. उंचावरचे खडक फटींतल्या कायम गोठलेल्या बर्फाने सांधलेले असतात. हवामान तापतं तसा हा सांधा सुटतो. स्वित्झर्लंडमधली मुट्हॉर्न हट २०२१ मध्ये बंद करावी लागली, कारण तिच्या वरचा कडा अस्थिर झाला. आल्प्समधल्या सर्वांत मोठ्या आलेच हिमनदीच्या काठावर १८७७ मध्ये काँकॉर्डिया हट उभी राहिली. तेव्हा ती बर्फाच्या पृष्ठभागापासून थोड्याच उंचीवर होती. हिमनदी पातळ होत खाली गेली, आणि आज तिथे पोचायला कड्याला ठोकलेल्या लोखंडी जिन्याच्या साडेचारशेहून जास्त पायऱ्या चढाव्या लागतात. दर काही वर्षांनी खाली नवा जिना जोडावा लागतो. यापुढे निवाऱ्याची जागा निवडताना आजचा नकाशा पुरणार नाही, पन्नास वर्षांनंतरचा डोंगर कसा असेल याचा अदमास घ्यावा लागेल.

हिमालय, लडाख, सह्याद्री

दरवर्षी असंख्य मराठी ट्रेकर एव्हरेस्ट बेस कॅम्पच्या वाटेला जातात. तिथली टी हाउस स्थानिकांची, त्यातून स्थानिकांना रोजगार मिळतो, ही मोठी गोष्ट. पण उंचावरच्या अनेक टी हाउसची बांधणी थंडी अडवणारी नाही. जेवणघराच्या मधोमध लोखंडी भट्टी असते, संध्याकाळी तीत याकच्या शेणाच्या गोवऱ्या पेटतात आणि सगळे तिच्याभोवती दाटीने बसतात. झोपायच्या खोल्यांना मात्र प्लायवूडचे पडदे म्हणाव्यात अशा भिंती, एकेरी काच आणि दाराखालून येणारा वारा. तिथे काही कोटींची स्फटिकाकार इमारत नको आहे. भिंतीत उष्णतारोधक थर, फटी बुजवणं, दुहेरी काच आणि जेवणघर दक्षिणेला घेणं यातच बरीचशी ऊब वाचेल.

लडाखने हे करून दाखवलं आहे. दक्षिणेकडची मातीची जाड भिंत काळी रंगवायची आणि तिच्यापुढे थोडं अंतर सोडून काच लावायची. दिवसभर भिंत तापते आणि काही तासांनी, रात्र पडल्यावर, ऊब आत सोडू लागते. फ्रेंच अभियंता फेलिक्स त्रोंब यांच्या नावाने ओळखली जाणारी ही भिंत लडाखमधल्या अनेक घरांत आणि शाळांत आहे. सोनम वांगचुक यांच्या सेकमोल संस्थेचं फे गावातलं संकुल याच तत्त्वांवर उभं आहे. वांगचुक यांनी २०२१ मध्ये लष्करासाठी सौर उष्णतेवर चालणारा तंबू दाखवला. त्यात सुमारे दहा जवान झोपू शकतात, आणि एकही सुटा भाग ३० किलोहून जड नाही, कारण तो माणसाच्या पाठीवर चढवायचा आहे. आल्प्समध्ये जे हेलिकॉप्टरच्या दोराने ठरवलं, ते इथे माणसाच्या पाठीने ठरवलं.

सह्याद्रीचा कडक हंगाम वेगळा. आंबोलीसारख्या घाटमाथ्यावर वर्षाला सात हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, आणि एप्रिलमध्ये त्याच डोंगररांगेत पाण्यासाठी वणवण होते. इथे शत्रू थंडी नव्हे, ओल. उंच जोतं, भिंतीपासून लांब पुढे आलेल्या पागोळ्या, खेळती हवा आणि पागोळीचं पाणी धरणारी टाकी, एवढं असलं तरी निवारा टिकतो. पण गडावर नवा निवारा बांधायचाच का, हा प्रश्न त्याआधीचा. अनेक गड संरक्षित स्मारकं आहेत, हरिश्चंद्रगड तर अभयारण्यात येतो. पायथ्याच्या गावात घरं आहेत, पडव्या आहेत, चूल आहे, विहीर आहे. आधीच उभ्या असलेल्या छपराखाली झोपलं तर हेलिकॉप्टरही नको आणि नवा मैलाखड्डाही नको, शिवाय मुक्कामाचे पैसे गावात राहतात. लडाखच्या खेड्यांतल्या होमस्टेनी हेच केलं आहे.

तरीही गाव लांब असेल आणि निवारा लागणारच असेल, तर सुरुवात खाटांच्या संख्येपासून करावी, आणि ती मागणीवरून ठरवू नये. समजा, टाक्यात पावसाळ्याअखेर एक लाख लिटर पाणी साठतं आणि ते नोव्हेंबर ते मे असे साधारण दोनशे दिवस पुरवायचं आहे. दिवसाला पाचशे लिटर झाले. माणशी दहा लिटर धरले तर पन्नास माणसं. त्यातून उन्हाने उडणारं पाणी आणि गुराख्यांचा, जनावरांचा वाटा वजा केला की पंचवीस उरतात. संडासाची खोली वीस माणसांचाच मैला सुकवू शकत असेल, तर आकडा वीसवर येतो. सर्वांत तोकडी सोय जेवढी, तेवढ्याच खाटा. एकविसाव्या माणसाला नाही म्हणायची तयारी असेल तर पुढे भिंतीची जाडी, काचेची दिशा आणि छपराचा उतार याचा विचार करायला अर्थ आहे. ती तयारी नसेल, तर वर बसवलेल्या कितीही चांगल्या सौरपट्ट्या तो हिशेब जुळवू शकणार नाहीत.